फिरती शेतं, थांबलेला नकाशा



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'जुने नकाशे आणि संगणक' असा छापला आहे. संगणक वाचून काही तरुण मंडळी आलेली दिसतात, जुने नकाशे वाचून ज्येष्ठ आले असावेत. दोघांनाही आधीच सांगून ठेवतो, मी आज बोलणार आहे ते मुख्यतः धानाच्या शेतांबद्दल. नकाशा आणि संगणक ही त्या शेतांपर्यंत पोहोचायची साधनं. साधनांचं कौतुक मला आहे, पण बेताचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. छत्तीसगडच्या मैदानातली शेती सरकारने पहिल्यांदा नीट मोजली, तेव्हा ती शेती हलती होती. कोणतं शेत कुणाकडे, हे काही वर्षांनी बदलत असे. मोजणीदार आला, त्याने त्या वर्षीची मांडणी कागदावर उतरवली, आणि कागदावर आली तीच पुढे कायमची झाली. आपण आज जुना नकाशा उलगडतो आणि म्हणतो, 'हे पाहा, पूर्वी गाव असं होतं.' खरंच असं होतं का? की त्या एका वर्षी तसं होतं?

नकाशाच्या आधीच्या काळापासून सुरुवात करू. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली इकडून ओरिसा-बंगालकडे निघाली आणि रतनपूरचं हैहयवंशी राज्य भोसल्यांच्या छायेखाली आलं. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते वारले आणि मग सुभेदारांचा काळ आला. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी परगण्यांची पद्धत बसवली. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या जोडीला फडनवीस, आणि जमिनीचा हिशेब ठेवायला बरारपांडे. म्हणजे या मुलखातल्या शेतीच्या कारभाराची बरीचशी भाषा मराठी होती आणि लिपी मोडी. पण या कागदांत नकाशा नाही. जमीन मोजायची ती नांगरावर. गावात नांगर किती, त्यावर आकार. एका नांगराखाली जमीन किती? ठरीव आकडा नव्हता. माती हलकी असेल तर जास्त, जड असेल तर कमी, बैलजोड्या किती यावर पुन्हा वेगळी. आजच्या अभ्यासकाला हे गैरसोयीचं वाटतं, कारण त्याला एकर हवे असतात. शेतकऱ्याला ते सोयीचं होतं, कारण त्यात मातीचा विचार आधीच आलेला होता.

आता एक आडवळण घेतो. छत्तीस गडांचा नकाशा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा, दक्षिणेला रायपूरचे अठरा. सी. यू. विल्स यांनी १९१९ साली या रचनेवर एक निबंध लिहिला आणि गड म्हणजे चौऱ्यांशी गावं, त्याखाली बारा-बारा गावांचे तालुके, अशी मांडणी केली. हल्ली कुणीही हौशी माणूस संगणकावर या गडांच्या सीमा आखतो, प्रत्येकाला निराळा रंग देतो, आणि छान चित्र तयार होतं. मला ते चित्र पाहिलं की अस्वस्थ वाटतं. गड म्हणजे गावांची मोजदाद होती, कुणी कुणाला काय द्यायचं याचा हिशेब होता. मधल्या जंगलातून सीमारेषा कुठून जाते, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडतच नव्हता. संगणकाला मात्र बंद आकृती लागते. रेघ पूर्ण केल्याशिवाय तो रंग भरू देत नाही. म्हणून आपण रेघ मारतो, आणि दोन वर्षांनी ती कुणाच्या तरी प्रबंधात 'ऐतिहासिक सीमा' म्हणून छापून येते. गडांसाठी ठिपके पुरेत.

इंग्रजांपैकी या मुलखात आधी आलेल्यांत एक कॅप्टन ब्लंट. १७९५ साली चुनारहून निघून तो रतनपूर, रायपूर करत दक्षिणेकडे गेला. त्याचा नकाशा हा प्रवाशाचा नकाशा. वाटेवरची गावं, नद्या, मुक्काम, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कोरा कागद. १८१८ नंतर राज्य भोसल्यांचं पण कारभार इंग्रज अधीक्षकाचा, अशी बारा वर्षं गेली. त्याच काळात राजधानी रतनपूरहून इथे रायपूरला आली. अधीक्षक ॲग्न्यू यांचा १८२० सालचा अहवाल आपल्याला गावांबद्दल, नांगरांबद्दल पुष्कळ सांगतो. शेत कुठे होतं, ते नाही सांगत.

शेत कागदावर आलं ते १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी, झाला. रायपूरचा ह्यूइट यांनी केला, बिलासपूरचा चिझम यांनी. या बंदोबस्तात गावटिया, म्हणजे गावाचा वसूल भरणारा मुखिया, मालगुजार झाला, गावाचा मालक झाला. तुमच्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांची मालगुजारी होती, त्यांना हे मी सांगायला नको.

आणि इथे गोष्ट येते लाखाबाट्याची.

या मैदानात माती चार जातींची. कन्हार ही काळी, जड. मटासी पिवळसर, धानाची लाडकी. डोरसा या दोहोंच्या मधली. आणि भाटा, मुरमाड, उंचावरची, जिथे कोदो-कुटकी आली तर आली, नाही तर गुरं चरली. पण नुसत्या मातीने भागत नाही. जमीन उतारावर कुठे आहे, यावर सगळं. वरचा टिकरा, पाऊस ओढला की तिथलं धान सुकतं. खालचा बहरा, जिथे पाणी येऊन थांबतं, तिथे उशिराचं धान दसऱ्यानंतरही हिरवं. एका गावात हे सगळे प्रकार असायचे. मग वाटणी कशी करायची? एकाला बहरा आणि दुसऱ्याला टिकरा दिला, तर दुष्काळाच्या वर्षी एक जगेल आणि दुसरा गाव सोडून जाईल.

म्हणून लाखाबाटा. काही वर्षांनी, किंवा गावात नवी कुटुंबं येऊन मागणी वाढली की, सगळ्या शेतांची फेरवाटणी. प्रत्येक नांगराला प्रत्येक प्रतीच्या जमिनीतला हिस्सा. थोडा बहरा, थोडी मटासी, थोडा टिकरा. रयतेची जमीन त्यामुळे गावभर विखुरलेली. स्वात खोऱ्यातल्या पठाणांत चिठ्ठ्या टाकून जमिनी बदलण्याची 'वेश' नावाची चाल होती, रशियातल्या 'मीर' नावाच्या ग्रामसमुदायांतही शेतपट्ट्या पुन्हा पुन्हा वाटल्या जात. तेव्हा हा काही छत्तीसगडचा विक्षिप्तपणा नव्हे. पाऊस आणि माती या दोन्हींचा भरवसा नसलेल्या शेतकऱ्यांनी काढलेली ती तोड होती. यात सगळं रामराज्य होतं असंही समजू नका. फेरवाटणीची सूत्रं गावटियाच्या हातात असत, आणि गावटियाचं स्वतःचं शेत कुठलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

मोजणी आली, कुळांचे हक्क नोंदले जाऊ लागले, आणि लाखाबाटा मंदावत बंद पडला. कुणीच स्वतःच्या नावावर लागलेलं शेत फेरवाटणीत द्यायला तयार होईना. का व्हावं? पण शेतं विखुरलेली ती तशीच राहिली. ज्या फेरवाटणीमुळे तुकड्यांना अर्थ होता ती गेली आणि तुकडे उरले. मग मुलांत वाटण्या झाल्या, तुकड्यांचे तुकडे झाले. अखेर १९२८ साली मध्य प्रांत सरकारला जमीन एकत्रीकरणाचा, म्हणजे चकबंदीचा, कायदा करावा लागला. गावातल्या निम्म्या कायम हक्कदारांनी होकार दिला, आणि वहिवाटीखालची दोन-तृतीयांश जमीन त्यांच्याकडे असली, की उरलेल्यांवरही योजना बंधनकारक. सक्तीचा अंश असलेला हा देशातला पहिला चकबंदी कायदा, आणि तो लागू केला तो छत्तीसगडात. मुंबई राज्याचा तुकडेबंदी कायदा १९४७ चा, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं नंतरचा. आपल्याकडच्या पुस्तकांत तुकड्यांचं खापर वारसाहक्काच्या कायद्यावर फोडतात. छत्तीसगडापुरतं तरी मी म्हणेन, अर्धं खापर नकाशावर फोडा.

आता तो नकाशा कसा होता, ते जवळून पाहू. १८८० च्या दशकातल्या दुसऱ्या बंदोबस्तात काम दोघांत वाटलं गेलं. सर्व्हेच्या पथकाने थिओडोलाइट घेऊन गावाच्या शिवेभोवती मापं घेतली. आतली शेतं पटवाऱ्याने साखळी ओढून भरली. प्रमाण एका मैलाला सोळा इंच, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ३३० फूट, साखळीच्या हिशेबाने बरोबर पाच साखळ्या. कापडावर काढलेली किंवा चिकटवलेली ती प्रत, जिला इथे लट्ठा म्हणतात, पुढे पिढ्यान्‌पिढ्या पटवाऱ्याच्या बस्त्यात राहिली. घड्यांवर कापड विरलेलं, शेतांचे नंबर काळ्या शाईत, नंतरचे बटांकन लाल शाईत. ११२ चे ११२/१, ११२/२, ११२/३. महाराष्ट्रात याला पोटहिस्सा म्हणतो. कधी लाल रेघ इतकी दाट होते की मूळ शेत शोधावं लागतं. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ या प्रमाणात जमिनीवर दोन मीटर रुंद भरते. म्हणजे बांधाच्या कोणत्या बाजूला शेत संपतं, हे या नकाशाला माहीतच नाही. तरी त्यावर खटले चालतात.

या नकाशाच्या जोडीला असतो खसरा. प्रत्येक नंबरपुढे माती कोणती, शेत टिकऱ्यावर की बहऱ्यात, बांध घातलेलं धनहा की उघडी भर्री, पीक काय. बॅम्फिल्ड फुलर या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीला आकड्यात किंमत देऊन आकारणीची पद्धत बसवली, त्यासाठी हे वर्ग लागत. सारा बसवायला केलेली ही खटपट आज आपल्या कामाची. कशी? नकाशा स्कॅन करायचा. जमिनीवर आजही सापडतील अशा खुणा निवडायच्या. तीन गावांच्या शिवेवरचा दगड, ज्याला इथे चांदा म्हणतात, जुन्या तलावाचा पार, मंदिर. त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि स्कॅन त्यांवर ताणून बसवायचा. मग एकेका शेताची आकृती गिरवायची, तिला नंबर द्यायचा, आणि त्या नंबरावर खसऱ्याची नोंद जोडायची. क्यूजीआयएस नावाची प्रणाली फुकट मिळते, घरच्या संगणकावर चालते. कष्ट आहेत ते गिरवण्यात. एका गावात हजाराच्या घरात नंबर असले तर आश्चर्य नको.

हे झालं की लाखाबाटा तपासता येतो. समजा एका रयतेचे वीस तुकडे आहेत. ते मातीच्या प्रकारांत कसे विभागले आहेत? गावात बहरा जेवढा, त्या प्रमाणात त्याच्या वाट्याला आला आहे का? शेजाऱ्याचं तसंच आहे का? सगळ्यांची प्रमाणं जुळली, तर त्या गावात फेरवाटणी खरोखर चालत होती आणि नुकतीच झालेली होती. जुळली नाहीत, एखाद्याकडेच बहरा साचलेला दिसला, तर लाखाबाटा बंद पडून बराच काळ लोटला, किंवा तो नुसता सांगण्यापुरता होता. मग त्यावर चकबंदीनंतरचा नकाशा ठेवायचा. बहरा कुणाकडे गेला? भाटा कुणाच्या माथी आला? हे प्रश्न अहवाल वाचून सुटत नाहीत, कारण अहवाल लिहिणारा साहेब सरासरी सांगतो. शेतागणिक मोजल्याशिवाय सरासरीच्या आत शिरता येत नाही. संगणकाचा खरा उपयोग मला दिसतो तो इथे.

पण सावध राहायला हवं, आणि तरुण मित्रांसाठी हे जरा तपशिलात सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचं गणित एव्हरेस्टच्या गोलकावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती अंदाजावर, बसवलेलं आहे, तुमच्या मोबाइलमधलं जीपीएस वेगळ्या गोलकावर चालतं. एकाचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे दुसऱ्यात टाकले, तर रायपूरजवळ सगळं शंभर मीटरहून जास्त सरकतं. धानाच्या मुलखात शंभर मीटर म्हणजे कितीतरी शेतं ओलांडली! दुसरी गोष्ट उंचीची. २००० सालच्या अंतराळयानाच्या मोहिमेतून मिळालेली उंचीची आकडेवारी सगळे वापरतात. तिचा एक चौकोन तीस मीटरचा, म्हणजे एकरात साडेचार चौकोन. बहरा आणि टिकरा यांत फरक कधी कधी हातभर उंचीचा. तो या आकडेवारीत दिसणार नाही. दिसला असं वाटलं, तर ती चूक आहे.

याच कारणाने कंडेलचा प्रश्न संगणकावर सोडवण्याचा मोह मी टाळतो. धमतरीजवळचं कंडेल तुम्हाला ठाऊक आहे. १९२० साली सरकारने गावकऱ्यांवर नहराचं पाणी चोरल्याचा आरोप ठेवला, दंड बसवला, आणि छोटेलाल श्रीवास्तव, सुंदरलाल शर्मा यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. त्याच डिसेंबरात गांधीजी इथे आले. पाणी चोरलं, की उताराने आपोआप शेतात शिरलं? उंचीचे नकाशे याचा निवाडा देतील असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. नकाशा वेगळं सांगू शकतो. रुद्रीचा बंधारा, तांदुला, १९२३ चं मुरूमसिल्ली, यांचे कालवे आले तेव्हा त्यांच्या मार्गात गावोगावचे तलाव आधीपासून होते. कोणत्या तलावाचं पाणलोट कालव्याने तोडलं, कोणता तलाव मग गाळाने भरला, हे जुन्या आणि नव्या नकाशांच्या थरांत दिसतं.

तलावांबद्दल रायपुरात काय सांगावं? छै आगर छै कोरी, म्हणजे एकशे सव्वीस तलाव, अशी ख्याती छत्तीसगडात कितीतरी गावं आपापली म्हणून सांगतात. आपला बूढा तलाव, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली यांच्याकडे आपण शहराची शोभा म्हणून पाहतो. जुन्या नकाशावर त्यांच्या खालच्या बाजूला पाहा. धनहा दिसेल. शोभेसाठी कुणी तलाव खणत नव्हतं. आज तिथे वस्ती आहे आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी जुन्या वाटेने घरात येतं.

जुन्या नकाशांच्या जोडीला आता जुने फोटोही आहेत. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टेहळणीसाठी फोटो काढले. १९९५ मध्ये ते खुले झाले. भारताचाही पुष्कळ भाग त्यांत आहे. त्यांतले चांगले फोटो इतके स्पष्ट की शेताचे बांध ओळखू येतात. हरित क्रांतीच्या आधीची, नव्या कालव्यांच्या आधीची, गंगरेल धरणाच्याही आधीची शेती तिथे पाहता येते. नवा रायपूर सुमारे चाळीस गावांच्या जमिनीवर उभा राहिला. त्या गावांच्या लट्ठ्यावर असे फोटो आणि आजचं चित्र ठेवून काम करणारा अभ्यासक मला अजून भेटायचा आहे. कुणी या सभागृहातच बसला असेल तर फार बरं.

नकाशात जे मुळातच आलं नाही, त्याचं काय? धान कापायच्या आधी त्याच शेतात लाखोळी टाकायची, ओल्या जमिनीत ती उगवते. इथे त्याला उतेरा म्हणतात, विदर्भातल्या मंडळींना लाखोळी ओळखीची आहे. त्या पिकाला स्वतःची आकृती नाही, ते दुसऱ्या पिकाच्या आकृतीत राहतं. धानाचे संशोधक डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात इथल्या धानाचे सुमारे एकोणीस हजार नमुने गोळा केले, ती ठेव आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. टिकऱ्याला लवकरचं धान, बहऱ्याला उशिराचं. हे नमुने गावांच्या नावांवरून मातीच्या नकाशावर मांडले, तर वाणांचा आणि उताराचा संबंध पाहता येईल. हे काम झालं तर ते शेतीशास्त्राचं आणि इतिहासाचं एकत्र होईल.

आणि अबुझमाड. इंद्रावती नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या भामरागडच्या समोर. अलीकडेपर्यंत तिथे बंदोबस्ताची मोजणीच झालेली नव्हती. पेंदा पद्धतीने डोंगरउतारावर एका जागी दोन-तीन वर्षं पेरायचं, मग जागा बदलायची, आणि काही वर्षांनी परत यायचं. तिथे आता मोजणीदार पोहोचत आहेत, हातात जीपीएस घेऊन. दीडशे वर्षांपूर्वी रायपूरच्या मैदानात लाखाबाट्याचं जे झालं, ते तिथे आपल्या डोळ्यांसमोर होऊ शकतं. ज्या वर्षी मोजणी होईल, त्या वर्षी पेरलेला उतार एका कुटुंबाच्या नावे लागेल आणि पडीक ठेवलेला उतार जंगल म्हणून. मला वाटतं, एका वर्षाची आकृती काढण्याऐवजी कुटुंबाच्या सगळ्या फेऱ्यांच्या जागा एकत्र दाखवणारा नकाशा करायला हवा. संगणकाला यात काही अवघड नाही. अवघड आहे ते सातबारा आणि बी-वन या जमीन-उताऱ्यांच्या साच्याला.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. रायपूर, बिलासपूर, धमतरीच्या जुन्या मराठी घरांत मालगुजारीचे कागद आहेत, मोडीतल्या वह्या आहेत, लट्ठे आहेत. मालगुजारी १९५१ मध्ये संपली तेव्हा पुष्कळांनी ते निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकले. ते खाली काढा. लॅमिनेट करू नका, घड्या सपाट करायला इस्त्री फिरवू नका, तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून सरळ फोटो घ्या. आणि समास कापू नका. लोक नेमका समास कापतात, कारण तो घाण झालेला असतो. बंदोबस्ताचं साल, गावाचा बंदोबस्त क्रमांक, पटवारी हलका म्हणजे पटवाऱ्याचं कार्यक्षेत्र, प्रमाण, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं, आणि त्याच्याशिवाय नकाशा कोणत्या गावाचा हे ठरवायला महिने जातात. मोडी वाचणारी मंडळी नागपूर-पुण्यात आहेत, त्यांना फोटो पाठवले तरी चालतात. कागद घरातच राहू द्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.